एक दरवाजा, अनेक बिऱ्हाडें

यवतमाळाहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंब नांवाचें तालुक्याचें गांव आहे. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखालीं जावें तेव्हां दर्शन देणारा तेथील चिंतामणि, त्याच्या आवारांतील कुंड, व इंद्रानें येथें गणेशाची आराधना केली ही आख्यायिका, यांमुळें विदर्भांतील भाविकांस तें सुपरिचित आहे. कदंब वृक्षावरून कदंबपूर आणि कदंबपुरावरून कळंब, अशी नांवाची उपपत्ति तेथील लोक सांगतात. २०२४ च्या फेब्रुवारींत वर्ध्याहून निघालेली नवी रेल्वेहि तेथवर येऊन पोंचली. परंतु या गांवीं पत्र धाडणारास एक अडचण जुनीच आहे. मांजरा नदीच्या कांठीं, धाराशिव जिल्ह्यांत, दुसरें एक कळंब आहे. तेंहि तालुक्याचेंच गांव. आणि याच नांवाचीं लहान गांवें महाराष्ट्रांत आणखीहि आहेत. जिल्ह्याचें नांव लिहावयास विसरलेलें पाकीट कोणत्या थैलींत टाकावें, हा प्रश्न टपालकचेरींतील वर्गणीकारास रोजचा होता.

या प्रश्नाचें जें उत्तर आज आपण प्रत्येक पाकिटावर लिहितों तें एका मराठी गृहस्थाच्या बुद्धींतून निघालें, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांत मोठे अधिकारी होते, आणि त्याच वेळीं संस्कृतांत काव्यें व नाटकें लिहिणारे रसिक पंडितहि होते. त्यांनीं आखलेली सहा आंकड्यांची पिन पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं अमलांत आली. पहिला आंकडा देशाच्या विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गणीच्या जिल्ह्याचा व उरलेले तीन ती ती टपालकचेरी दाखविणारे. यवतमाळकडील कळंबचा आंकडा ४४५४०१. धाराशिवकडील कळंबचा ४१३ नें सुरू होणारा. दोन कळंबांचा घोटाळा तेथेंच संपला.

आतां या आंकड्याचा एक विशेष वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व हकीकत त्यावर उभी आहे. ४४५४०१ हा आंकडा कोणा माणसाचा नव्हे, घराचाहि नव्हे. तो पत्राला एका टपालकचेरीच्या दारापर्यंत नेतो. तेथून पुढें कोणती गल्ली, कोणता वाडा, वाड्यांतील कोणतें बिऱ्हाड, हें पोस्टमनच्या माहितीवर आणि पाकिटावरील नांवावर अवलंबून. नांव खोडून नुसता आंकडा ठेवला तर पत्र कळंबास येईल खरें, पण कोणाच्या हातीं पडेल हें सांगतां येणार नाहीं.

योगायोग असा कीं पिन सुरू होण्यापूर्वीं तेराच दिवस, २ ऑगस्ट १९७२ रोजीं, अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें 'व्हीएम ३७०' नांवाची एक प्रणाली जाहीर केली. तिच्यायोगें एका मोठ्या संगणकाच्या पोटांत अनेक संगणक नांदूं लागले. या पोटांतल्या संगणकांस 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. आपण त्यांना आभासी यंत्रें म्हणूं. कल्पना त्यापूर्वींची होती. केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधनकेंद्रांत रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६७ सालीं सुरू केलेल्या प्रणालींत एकाच यंत्रावर चौदा आभासी यंत्रें एका वेळीं चालत. संगणक त्या काळीं इतका महाग कीं एकेकट्या माणसाला तो देणें शक्य नव्हतें; म्हणून त्याचा वेळ क्षणांच्या तुकड्यांनीं व त्याची स्मृति खोल्यांसारखी वांटून द्यावयाची, आणि प्रत्येक भाडेकऱ्यास असें वाटूं द्यावयाचें कीं सगळा वाडा आपलाच. मालक जो मुख्य कार्यक्रम, तो पडद्यामागें राहून पाणी, उजेड आणि जागा यांचा हिशेब ठेवतो.

या बिऱ्हाडांना एकमेकांशीं बोलावें लागे, आणि त्याची त्यांनीं केलेली सोय मोठी गमतीची आहे. त्या काळीं संगणकास मजकूर द्यावयाचा तो भोंकें पाडलेल्या कार्डांवर. तेव्हां एका आभासी यंत्रानें आपल्या आभासी यंत्रावर आभासी कार्डांना भोंकें पाडावयाचीं, आणि तीं दुसऱ्याच्या आभासी वाचनयंत्रांत जाऊन पडावयाचीं. प्रत्यक्षांत कागदाचा कपटाहि हालत नसे. पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें निराळेंच. प्रत्येक आभासी यंत्रास आठ अक्षरांच्या आंतलें स्वतःचें नांव असे. पाठविणाराचें नांव, घेणाराचें नांव, आणि दुसऱ्या गांवच्या संगणकाकडे पाठवावयाचें तर त्या संगणकाचेंहि नांव, अशी पूर्ण पाटी पार्सलावर असे. बिऱ्हाडें अनेक असलीं तरी कोणीहि कोणास नांवानें हाक मारूं शकत होता. आज आभासी यंत्रांना एका दारावरून ये-जा करावी लागते तो त्यांच्या जातीचाच धर्म आहे, असा जो समज पुष्कळांचा दिसतो, तो या इतिहासामुळें टिकत नाहीं. दार एकच उरलें तें पुढें, आणि त्याचें कारण आंकड्यांचा दुष्काळ.

त्या दुष्काळाची कथा अशी. १९८१ च्या सप्टेंबरांत इंटरनेटच्या पत्त्याचा नियम ठरला. पत्ता म्हणजे शून्य व एक यांनीं भरावयाचीं बत्तीस स्थानें. तीं सर्व प्रकारें भरलीं तर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, त्याहून एकहि अधिक नाहीं. जगाची लोकसंख्या तेव्हांच सुमारें साडेचारशें कोटींच्या घरांत होती. म्हणजे माणशीं एक पत्ताहि पुरणारा नव्हता. पण प्रत्येक माणसाच्या खिशांत संगणक येईल हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें, आणि जे पहिल्या पंगतीस बसले त्यांना हवें तेवढें वाढण्यांत आलें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका विद्यापीठाकडे १८ या आंकड्यानें सुरू होणारे सर्व, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते होते. २०१७ सालीं त्यांतील निम्मे आपणांस नको आहेत असें ठरवून त्यानें ते विकावयास काढले.

आपला देश या पंगतीस उशिरां आला. १९८६ सालीं इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें अर्नेट नांवाची शैक्षणिक जालयोजना हातीं घेतली. मुंबईस जुहूला असलेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, तिचे संचालक श्रीनिवासन रमणी, पवईची आयआयटी व तिच्या चार भगिनीसंस्था, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि दिल्लींतील खातें, एवढ्यांचा तो मेळा. १९८९ च्या सुमारास जुहूहून अमेरिकेपर्यंत सेकंदास ९,६०० बिट वाहणारी एक रेघ ओढली गेली. देशांतील विद्वानांचा सगळा पत्रव्यवहार त्या सुईच्या नेढ्यांतून जाई. १४४.१६ या अंकांनीं सुरू होणारे ६५,५३६ पत्ते अर्नेटच्या नांवें होते. वरच्या एका विद्यापीठाच्या वांट्याचा हा दोनशें छप्पन्नावा भाग. त्यांत आठ संस्थांचा संसार तेव्हां सुखानें चालला हें खरें, परंतु पुढें ताट मोठें होणार नव्हतें.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वसाधारण जनतेस इंटरनेट खुलें केलें. ज्यांनीं तें टेलिफोन फिरवून वापरलें त्यांना तो किंकाळी फोडणारा मोडेम आठवत असेल. फोन लागला कीं तात्पुरता एक पत्ता मिळे. फोन ठेवला कीं तो परत जाई, आणि पुढच्या घटकेस दादरच्या ग्राहकाचा आंकडा गिरगांवांतील दुसऱ्या कोणाच्या कपाळीं चिकटे. एकच खाट दिवसपाळीच्या व रातपाळीच्या कामगारांनीं आळीपाळीनें वापरावी, तसा हा प्रकार. कार्यालयांतील संगणकांना असाच मुदतीच्या पट्ट्यानें पत्ता देण्याची रीत, जिला डीएचसीपी म्हणतात, ती १९९३ पासून रूढ होत होती.

परंतु आळीपाळीनेंहि भागेना, तेव्हां एकाच वेळीं एकच पत्ता अनेकांनीं वापरण्याची युक्ति निघाली. १९९४ च्या मे महिन्यांत एगेवांग व फ्रान्सिस या दोघांनीं ती प्रसिद्ध केली. तिचें नांव 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन', संक्षेपानें नॅट. युक्ति वाड्याच्या दरवानाची आहे. आंतल्या बिऱ्हाडांना आंतल्या आंत वापरावयाचे खाजगी आंकडे द्यावयाचे. १९९६ सालीं असे तीन समूह जगभर राखून ठेवले गेले, त्यांतला १९२.१६८ नें सुरू होणारा आपल्या घरोघरच्या वाय-फाय पेटींत असतो. बिऱ्हाडांतून चिठ्ठी निघाली कीं दरवान तिच्यावरील आंतला पत्ता खोडतो, वाड्याचा पत्ता लिहितो, शेजारीं पोर्ट नांवाचा एक क्रमांक घालतो व आपल्या वहींत नोंद करतो कीं अमुक क्रमांकाचें उत्तर आलें तर तें तिसऱ्या खोलींत द्यावें. हे क्रमांक पासष्ट हजारांवर असल्यानें एका पत्त्याआड पुष्कळ लोक मावतात. कांहीं वेळ ये-जा थांबली कीं नोंद पुसली जाते. आणि वहींत नोंद नसलेली चिठ्ठी बाहेरून आली तर? दरवान ती फेंकून देतो. कोणासाठीं आहे हें त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

हा अल्पकाळचा उपाय आहे असें त्याच्या कर्त्यांनीं मूळ लेखांतच स्पष्ट म्हटलें होतें. पण तात्पुरत्या छपराखालीं राहावयास गेलेलें कुटुंब तेथेंच दोन पिढ्या काढतें, हा अनुभव आपल्याकडे नवा नाहीं. नॅट राहिला.

याच सुमारास आभासी यंत्रांचा पुनर्जन्म झाला. मध्यंतरीं स्वस्त वैयक्तिक संगणक आल्यामुळें एका यंत्रांत अनेक बिऱ्हाडें करण्याची निकड लोकांस वाटेनाशी झाली होती. १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें पुढच्याच वर्षीं साध्या टेबलावरच्या संगणकांत आभासी यंत्र चालवून दाखविलें. जुन्या आभासी यंत्रांपेक्षां यांची गरज निराळी होती; यांना कार्डें पाडावयाचीं नव्हतीं, यांना इंटरनेटवर जावयाचें होतें. आणि जाळ्याची तार व तिचें कार्ड तर यजमान संगणकास एकच.

येथें तीन मार्ग निघाले. पहिला पुलाचा. यजमानाचें कार्ड आपल्याखेरीज इतरांचींहि पत्रें स्वीकारूं लागतें, प्रत्येक आभासी यंत्र एक काल्पनिक कार्ड-क्रमांक धारण करतें, आणि बाहेरच्या जाळ्यास वाटतें कीं येथें खरोखरीच चार संगणक शेजारीं शेजारीं बसले आहेत. प्रत्येक बिऱ्हाडास रस्त्यावर स्वतःचें दार. यांत मान आहे, पण दर दारास एक आंकडा खर्ची पडतो. शिवाय एखाद्यानें आपल्या आभासी यंत्राची जशीच्या तशी नक्कल केली, तर कार्ड-क्रमांकहि नकलेंत उतरतो. पट्टा देणारा कारकून दोघांस एकच समजून एकच पत्ता देतो, आणि मग एकाचीं उत्तरें दुसऱ्यास अशी तारांबळ उडते. जुळ्या भावंडांचीं पत्रें जशीं अदलाबदल व्हावींत तसेंच. दुसरा मार्ग चौकापुरता: यंत्रांनीं आपसांत व यजमानाशीं बोलावें, बाहेर जाऊं नये. तिसरा नॅटचा, आणि बहुतेकांनीं पत्करलेला तोच, कारण त्यांत कोणास आंकडा मागावा लागत नाहीं. व्हर्च्युअलबॉक्स नांवाच्या प्रसिद्ध साधनांत या मार्गानें चालणाऱ्या आभासी यंत्रास मुळांत मिळणारा पत्ता १०.०.२.१५ असा ठरलेला आहे. एकाच संगणकांत तशीं पांच यंत्रें चालविलीं तर पांचांचाहि पत्ता हाच असूं शकतो! त्यांच्यांत भांडण होत नाहीं, कारण प्रत्येकाच्या दाराशीं वेगळा दरवान उभा असतो, व पांचांपैकीं एकालाहि दुसऱ्याच्या अस्तित्वाची वार्ता नसते. कळंब नांवाचीं दोन गांवें अडचणीचीं झालीं होतीं; येथें लक्षावधि कळंबें बिनबोभाट नांदत आहेत.

पुलाच्या मार्गांत एक सौंदर्य मात्र आहे, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २००३ पासून चालूं स्थितींतलें आभासी यंत्र एका खऱ्या संगणकावरून दुसऱ्या खऱ्या संगणकावर हलवितां येऊं लागलें. बिऱ्हाड वाडा बदलतें, पण पत्ता तोच घेऊन जातें. नव्या जागीं पोंचतांच त्याच्या वतीनें जाळ्यावर एक दवंडी पिटली जाते कीं यापुढें अमक्याचीं पत्रें या दारीं आणा. आणि ज्याच्याशीं संभाषण चाललें होतें त्याला मधल्या स्थलांतराचा पत्ताहि लागत नाहीं. हें सुख अर्थात् एकाच जाळ्याच्या हद्दींत.

आतां पुन्हां कळंबास येऊं, आणि हा सर्व पसारा एका घरांत पाहूं. यवतमाळास अभियांत्रिकी शिकणारा एखादा विद्यार्थी सुटीस कळंबला आला आहे, व त्यानें आपल्या लॅपटॉपवर आभासी यंत्र उभारून त्यांत स्वतः लिहिलेलें एक संकेतस्थळ मांडलें आहे, असें समजा. आभासी यंत्राचा पत्ता १०.०.२.१५, त्यावर लॅपटॉपचा दरवान. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८ मधला, त्यावर घरच्या पेटीचा दरवान. पेटीला कंपनीनें दिलेला पत्ताहि बहुधा खरा सार्वजनिक नसतो; एप्रिल २०१२ मध्यें १००.६४ पासून पुढचे सुमारें बेचाळीस लक्ष पत्ते खास याच कामासाठीं राखले गेले, कीं पुरवठा करणाऱ्या कंपन्यांनीं आपल्या ग्राहकांस ते आंतल्या आंत द्यावे व शेंकडों घरांमिळून एक खरा पत्ता वापरावा. म्हणजे तिसरा दरवान. हा विद्यार्थी जगांतल्या कोणत्याहि ग्रंथालयाचें दार ठोठावूं शकतो व उत्तर त्याला तीन वह्यांतून वाट काढीत निमिषार्धांत मिळतें. पण पुण्याच्या मित्रानें त्याचें संकेतस्थळ पाहूं म्हटलें तर तें साधत नाहीं. पहिले दोन दरवान त्याच्या आज्ञेंतले आहेत. अमुक क्रमांकाची चिठ्ठी आली तर आंत सोड, असें तो त्यांस बजावूं शकतो. तिसरा कंपनीचा नोकर आहे, आणि तो त्याचें ऐकत नाहीं. इंटरनेट रचणारांच्या मनांत प्रत्येक यंत्र बोलणारें आणि ऐकणारें असें दोन्ही होतें. आंकड्यांच्या टंचाईनें खेड्यापाड्यांतील घरांच्या वांट्याला नुसतें मागणें ठेवलें; देणारे झाले ते ज्यांच्याजवळ आंकडे होते ते. आमच्या मतें या सोयीची खरी किंमत ही आहे, आणि ती हिशेबांत क्वचितच मांडली जाते.

दुसरी एक किंमत याहून कठोर आहे. २००६ च्या सुमारास शिवाजी महाराजांविषयीं अवमानकारक मजकूर ऑर्कुट या संकेतस्थळावर आल्यानें पुणें पोलिसांनीं तपास केला. मजकुरामागचा आंकडा मिळाला; त्या वेळीं तो कोणाकडे होता हें पुरवठादार कंपनीस विचारण्यांत आलें; आणि तिनें दिलेल्या माहितीवरून २००७ च्या ऑगस्टअखेर बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्यास अटक झाली. माहिती चुकीची होती. त्याचा त्या मजकुराशीं कांहीं संबंध नव्हता, हें स्पष्ट होईपर्यंत सुमारें पन्नास दिवस त्यानें येरवड्याच्या तुरुंगांत काढले. त्या प्रकरणीं आंकडा एका वेळीं एकाच ग्राहकाचा होता, तरी ही गत झाली. आतां शेंकडों घरें एकाच क्षणीं एका आंकड्याआड असतात. म्हणून २०११ च्या जूनमध्यें इंटरनेटच्या नियमकर्त्यांनीं सर्व सर्व्हरचालकांस सुचविलें कीं नुसता पत्ता टिपून ठेवूं नका, पोर्टचा क्रमांक व अचूक वेळहि टिपा. पोलीस कचेरींत आलेल्या कागदावर हे तिन्ही असतील तरच दरवानाच्या वहींतील योग्य ओळ सांपडावयाची; एक जरी गळलें तरी सगळी चाळ संशयित.

यावर उपाय निघाला नाहीं असें नाहीं. नॅटची युक्ति निघाल्यावर दीड वर्षानें, डिसेंबर १९९५ मध्येंच, १२८ स्थानांच्या नव्या पत्त्याचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, पहिला नियम प्रसिद्ध झाला. त्यांतील पत्त्यांची संख्या एकोणचाळीस आंकडी आहे. आपल्या जुन्या गणितांतला परार्ध घ्यावा, त्यास परार्धानेंच गुणावें, आणि आलेल्या संख्येची चौतीस हजार पट करावी, म्हणजे तिची कांहीं कल्पना येईल. इतकें असूनहि पंधरा वर्षें तो नियम बव्हंशी कागदावर राहिला, कारण जुन्या वाड्यांतील लोकांचें नॅटवर भागत होतें. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जगाच्या मध्यवर्ती कोठारांतील जुने पत्ते संपले. १५ एप्रिल रोजीं आशिया-पॅसिफिक विभागाचें कोठार तळाशीं गेलें आणि पुढें सभासद संस्थेस मागून १,०२४ च पत्ते मिळूं लागले. ज्यांच्या घरीं आधींपासून भरलेलीं पेवें होतीं त्यांना याचा चटका बसला नाहीं. आपल्याला बसला, आणि त्यांतून इष्टापत्ति झाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं सुरू झालेल्या जिओनें जुने पत्ते पुरेसे मिळणें अशक्य म्हणून पहिल्यापासून नव्यांवर भिस्त ठेवली, आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थान नव्या पत्त्यांच्या वापरांत जगांतील अग्रेसर देशांमध्यें गणला जाऊं लागला. कळंबच्या आठवडी बाजारांत भाजीचे पैसे मोबाइलवर घेणाऱ्या बाईच्या फोनला आज बहुधा स्वतःचा, कोणाशींहि वांटून न घेतलेला नवा पत्ता असतो. तिला तें ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

जुना पत्ता मात्र अजून हद्दपार झालेला नाहीं. २०१५ च्या सप्टेंबरांत मायक्रोसॉफ्टनें पुण्यास व इतरत्र, आणि २०१६ च्या जूनमध्यें ॲमेझॉननें मुंबईस, आभासी यंत्रें भाड्यानें देणाऱ्या प्रचंड वखारी उघडल्या. तेथील यंत्रांना आंतून खाजगी आंकडे असतात; ज्यास लोकांनीं शोधत यावें अशी इच्छा असेल त्यानें एक खरा पत्ता वेगळा मागून घ्यावा लागतो, कारण जगांतील पुष्कळ गिऱ्हाइकें अद्याप जुन्याच पत्त्यानें येतात. चालू यंत्रास लावलेला असा एक पत्ता पूर्वीं फुकट मिळे. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉननें प्रत्येक जुन्या सार्वजनिक पत्त्यास ताशीं अर्धा सेंट आकारण्यास सुरुवात केली. वर्षाचे सुमारें ४४ डॉलर होतात. खोलीचें भाडें निराळें, दारावरील पाटीचें निराळें.